वायुकोश-केशवाहिनी पटल

वायुकोश-केशवाहिनी पटल हे फुफ्फुसातील हवा आणि रक्त यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे अतिशय पातळ आवरण आहे. त्याला वायु-रक्त पटल असेही म्हणतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू या पटलातून सहज आरपार जातात, पाणी मोजक्या प्रमाणात पाझरते आणि रक्तातील प्रथिने मात्र बहुतांशी अडवली जातात. या निवडक अडथळ्यामुळे वायुकोश कोरडे राहतात आणि श्वसन शक्य होते.

केशवाहिन्यांमधील दाब फार वाढल्यास पटल शाबूत असूनही फुफ्फुसात द्रव साचतो. याउलट, दाब साधारण असूनही पटलाला इजा झाली तर द्रवाबरोबर प्रथिनेही बाहेर पडतात. दोन्ही अवस्थांना फुफ्फुसशोफ म्हणतात आणि दोन्हींत रुग्णाची लक्षणे वरवर सारखीच दिसतात. मात्र साचलेल्या द्रवाचे स्वरूप, उपचार आणि बरे होण्यास लागणारा काळ यांत मोठा फरक असतो. महाराष्ट्रात कोकणातील लाल विंचवाच्या दंशानंतर होणारा फुफ्फुसशोफ हे मुख्यतः पहिल्या प्रकाराचे, तर एच१एन१ इन्फ्लुएंझा आणि कोविड-१९ या साथींतील गंभीर फुफ्फुसविकार हे दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे.

रचना

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांचे एकत्रित पृष्ठफळ साधारणपणे बॅडमिंटनच्या मैदानाएवढे किंवा त्याहून अधिक भरते. वायुकोशांच्या भिंतींत केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यातील अंतर पटलाच्या सर्वांत पातळ भागात केवळ ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर असते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ मायक्रोमीटर असतो, म्हणजे हे पटल तिच्या व्यासाच्या विसाव्या भागाहूनही पातळ असते.

पटलाचे तीन मुख्य थर आहेत.

अंतःस्तर: केशवाहिनीच्या आतील बाजूस चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. रक्ताकडील पृष्ठावर शर्करा आणि प्रथिने यांच्या रेणूंचे मऊ आवरण असते, त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. शेजारच्या पेशी व्हीई-कॅडहेरिन या प्रथिनाने आणि इतर जोडांनी एकमेकींना धरून असतात.

आधारपटल: अंतःस्तर आणि अभिस्तर यांच्या मध्ये तंतुमय प्रथिनांचे आधारपटल असते. पातळ भागात दोन्ही थरांची आधारपटले एकमेकांत मिसळून गेलेली असतात. त्यातील चौथ्या प्रकारचे कोलॅजन पटलाला ताण सहन करण्याचे बळ देते. जाड भागात दोन्ही थरांच्या मध्ये अंतराल असते. तेथे झिरपलेला द्रव आधी गोळा होतो आणि तेथून लसीकावाहिन्यांकडे जातो.

अभिस्तर: वायुकोशाच्या हवेकडील बाजूस दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी अतिशय चपट्या व पसरट असून वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग व्यापतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी घनाकृती असून संख्येने अधिक, पण थोडीच जागा व्यापणाऱ्या असतात. त्या पृष्ठताण कमी करणारा सरफॅक्टंट हा पदार्थ स्रवतात. पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्यास दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभाजित होऊन त्यांची जागा घेतात. अभिस्तराच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लूडिन आदी प्रथिनांच्या घट्ट जोडांनी सांधलेल्या असतात.

द्रवाचे संतुलन

केशवाहिनीच्या भिंतीतून द्रव कोणत्या दिशेने आणि किती जाईल, हे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी इ.स. १८९६ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरून समजते. केशवाहिनीतील रक्ताचा दाब द्रवाला बाहेर ढकलतो. रक्तद्रवातील प्रथिनांमुळे, प्रामुख्याने अल्ब्युमिनमुळे, निर्माण होणारा परासरण दाब द्रवाला आत खेचून धरतो. अंतरालातील दाब आणि तेथील प्रथिने यांचाही या हिशेबात वाटा असतो.

शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हा हिशेब पुढील आकड्यांनी मांडला जातो. फुफ्फुसाच्या केशवाहिनीतील सरासरी दाब सुमारे ७ मिलिमीटर पारा असतो. अंतरालातील प्रथिनांचा परासरण दाब सुमारे १४ आणि अंतरालातील ऋण दाब सुमारे ८ मिलिमीटर पारा मानला जातो. हे तिन्ही बल द्रवाला बाहेर नेतात आणि त्यांची बेरीज २९ होते. रक्तद्रवातील प्रथिनांचा परासरण दाब सुमारे २८ मिलिमीटर पारा असून तो द्रवाला आत धरतो. उरलेल्या सुमारे १ मिलिमीटर पारा इतक्या बलामुळे निरोगी फुफ्फुसातही द्रव सतत थोडाथोडा झिरपत असतो. तो लसीकावाहिन्या उचलून पुन्हा रक्तप्रवाहात नेतात. निरोगी फुफ्फुस कोरडे राहते ते गळती होत नाही म्हणून नव्हे, तर झिरपणारा द्रव वेळीच वाहून नेला जातो म्हणून.

हा हिशेब प्रथिने अडवली जाण्यावर अवलंबून आहे. पटलाने प्रथिने अडवली नाहीत तर अंतरालातील आणि रक्तातील प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते आणि द्रवाला आत खेचणारे बल नाहीसे होते. म्हणून स्टार्लिंगच्या समीकरणाच्या आजच्या रूपात परावर्तन गुणांक धरला जातो. हा गुणांक १ असेल तर पटल ते प्रथिन पूर्णपणे अडवते, शून्य असेल तर मुळीच अडवत नाही. अलीकडील संशोधनानुसार परासरण दाबातील निर्णायक फरक संपूर्ण भिंतीच्या दोन बाजूंत नसून ग्लायकोकॅलिक्सच्या आवरणाच्या दोन बाजूंत असतो. त्यामुळे या आवरणाच्या ऱ्हासाला फुफ्फुसशोफाच्या कारणांमध्ये महत्त्व आले आहे.

दाब वाढू लागताच फुफ्फुस लगेच द्रवाने भरत नाही. दाब वाढला की पाणी अधिक झिरपते व त्यामुळे अंतरालातील प्रथिने विरळ होतात. परिणामी बाहेर खेचणारे बल घटते. लसीकेचा प्रवाहही अनेक पटींनी वाढतो. ए. सी. गायटन आणि ए. डब्ल्यू. लिंडसे यांनी इ.स. १९५९ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत डाव्या कर्णिकेतील दाब सुमारे २५ मिलिमीटर पारा या मर्यादेपलीकडे गेल्यावर फुफ्फुसशोफ सुरू झाला. रक्तातील प्रथिने कमी केल्यावर ही मर्यादा सुमारे ११ पर्यंत खाली आली. संधिवाताच्या तापानंतर हृदयाची द्विदल झडप आकुंचित झालेल्या रुग्णांत दाब वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्यांच्या लसीकावाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यामुळे अचानक दाब वाढलेल्या रुग्णापेक्षा ते अधिक दाब सहन करू शकतात.

प्रथिनांचे मार्ग

अल्ब्युमिनच्या रेणूची त्रिज्या सुमारे ३.५ नॅनोमीटर आहे. तो पटल दोन मार्गांनी ओलांडू शकतो. पहिला मार्ग शेजारच्या दोन पेशींच्या फटीतून जातो. निरोगी अवस्थेत जोड या फटी अरुंद ठेवतात. दुसरा मार्ग पेशीच्या आरपार जातो. यात पेशी आपल्या एका पृष्ठावर सूक्ष्म पुटिकेत अल्ब्युमिन सामावून घेते आणि दुसऱ्या पृष्ठावर सोडते. या दुसऱ्या मार्गाने थोडे अल्ब्युमिन निरोगी फुफ्फुसातही अंतरालात पोहोचते.

प्रथिने अडवण्याच्या कामात दोन्ही थरांचा वाटा सारखा नाही. अंतःस्तर तुलनेने सैल असून वायुकोशाचा अभिस्तर बराच घट्ट आहे. प्रथिनांना होणाऱ्या एकूण विरोधाचा मोठा भाग अभिस्तरामुळे निर्माण होतो. म्हणून केवळ अंतःस्तराला इजा झाली तर द्रव अंतरालापुरता राहू शकतो. अभिस्तरही भंगला की वायुकोश प्रथिनयुक्त द्रवाने भरतात.

पेशींमधील जोड कायमस्वरूपी बंद किंवा कायमस्वरूपी उघडे नसतात. पेशीच्या आत ॲक्टिन तंतूंचे कंकाल असते व ते जोडांना आतून बांधलेले असते. थ्रॉम्बिन, हिस्टामिन यांसारख्या पदार्थांमुळे पेशीतील ॲक्टिन व मायोसिन आकुंचन पावतात, पेशी आक्रसते आणि फटी रुंदावतात. रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारा व्हीईजीएफ हा घटक आणि ॲन्जिओपोएटिन-२ हेही गळती वाढवतात. याउलट स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा रक्तातील स्निग्ध रेणू ॲक्टिनची पेशीच्या कडेने मांडणी करून जोड घट्ट करतो. संसर्गाच्या वेळी फटी थोड्या उघडणे हा संरक्षणाचा भाग असतो, कारण त्यामुळे प्रतिपिंडे आणि पांढऱ्या रक्तपेशी संसर्गाच्या जागी पोहोचू शकतात. ही प्रतिक्रिया आवरली गेली नाही तर तीच घातक ठरते.

वायुकोशातील द्रवाचा निचरा

अभिस्तर केवळ अडथळा नाही. तो वायुकोशात आलेला द्रव बाहेरही काढतो. पेशीच्या हवेकडील पृष्ठावर असलेल्या सोडियम वाहिन्यांतून सोडियम आत येतो आणि विरुद्ध बाजूचे सोडियम-पोटॅशियम पंप त्याला अंतरालात ढकलतात. सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. या क्रियेसाठी ऊर्जा आणि जिवंत, सांधलेला अभिस्तर आवश्यक असतो. वायुकोशात सांडलेली प्रथिने मात्र फार सावकाश हटतात. पाणी काही तासांत शोषले गेले तरी प्रथिनांचा निचरा होण्यास दिवस लागतात. त्यांचा काही भाग भक्षक पेशी गिळंकृत करतात.

जन्माच्या वेळी या यंत्रणेची पहिली कसोटी लागते. गर्भाचे फुफ्फुस द्रवाने भरलेले असते. प्रसूतीच्या काळात बाळाच्या रक्तात वाढणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे अभिस्तर द्रव स्रवणे थांबवून तो शोषू लागतो. प्रसूतीच्या कळा सुरू होण्यापूर्वी शस्त्रक्रियेने जन्मलेल्या काही बाळांत हा निचरा रेंगाळतो आणि पहिले काही तास श्वास जलद चालतो. या सोडियम वाहिनीचा एक घटक जनुकीय बदलाने काढून टाकलेली उंदरांची पिल्ले फुफ्फुसातील द्रव काढू न शकल्याने जन्मानंतर दोन दिवसांच्या आतच मरतात, असे इ.स. १९९६ मध्ये दिसून आले.

फुफ्फुसशोफाचे दोन प्रकार

बोलीभाषेत "छातीत पाणी झाले" असे म्हटले जाते तेव्हा बहुधा फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाच्या पोकळीत साचलेला द्रव अभिप्रेत असतो. तो सुईने बाहेर काढता येतो. फुफ्फुसशोफात द्रव फुफ्फुसाच्या ऊतीत आणि वायुकोशांत असतो, त्यामुळे तो सुईने काढता येत नाही. हा द्रव आधी श्वासनलिका व रक्तवाहिन्या यांच्या भोवतीच्या सैल ऊतीत जमतो. तेथील जागा संपली की तो वायुकोशांत उतरतो. रुग्णाला दम लागतो, आडवे झोपवत नाही, फुफ्फुसांत बुडबुड्यांसारखे आवाज ऐकू येतात आणि गंभीर अवस्थेत तोंडातून गुलाबीसर फेस येतो.

दाबजन्य फुफ्फुसशोफ: हृदयविकाराचा झटका, झडपांचे आजार, अतिउच्च रक्तदाब इत्यादींमुळे केशवाहिन्यांतील दाब वाढतो. पटल बहुतांशी शाबूत असल्याने साचलेल्या द्रवात प्रथिने कमी असतात. दाब उतरला की द्रवाचा निचरा वेगाने होतो.

पारगम्यताजन्य फुफ्फुसशोफ: न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, जठरातील पदार्थ श्वासमार्गात जाणे, विषारी वायू इत्यादींमुळे पटलाला इजा होते आणि प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत येतो. त्यातील फायब्रिनचे थर वायुकोशांच्या भिंतींवर बसतात आणि सरफॅक्टंट निष्प्रभ होतो. या अवस्थेच्या गंभीर रूपाला तीव्र श्वसनत्रास संलक्षण म्हणजेच एआरडीएस म्हणतात. त्याचे पहिले सविस्तर वर्णन डेव्हिड ॲशबॉ आणि सहकाऱ्यांनी इ.स. १९६७ मध्ये १२ रुग्णांवरून केले. इ.स. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेत मिथिल आयसोसायनेटने अनेकांच्या फुफ्फुसांना अशीच इजा झाली होती.

पटल आणखी गंभीररीत्या भंगल्यास प्रथिनांबरोबर तांबड्या रक्तपेशीही वायुकोशांत उतरतात. लेप्टोस्पायरोसिसच्या काही रुग्णांत असा फुफ्फुसातील रक्तस्राव होतो. कोकण किनारपट्टीवर हा आजार पावसाळ्यात आढळतो, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर वाढले होते.

दोन्ही प्रकारांची सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. केशवाहिनीतील दाब फारच वाढल्यास पातळ पटल यांत्रिक ताणानेच फाटते, असे जॉन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले. अतिउंचीवर होणाऱ्या फुफ्फुसशोफात मूळ कारण दाब असूनही द्रवात प्रथिने भरपूर आढळतात.

कोकणातील लाल विंचूदंश

लाल विंचू पश्चिम महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस असून पूर्वी ते मेसोबुथस टॅम्युलस असे होते. कोकणात दगडांखाली, गवताच्या व लाकडांच्या ढिगांत तो लपलेला असतो. त्यामुळे शेतकरी, शेतमजूर आणि लहान मुले यांना दंशाचा धोका अधिक असतो. मुलांचे वजन कमी असल्याने तेवढेच विष त्यांना अधिक बाधते. अशा दंशानंतर होणाऱ्या फुफ्फुसशोफाची नोंद पी. एम. मुंडले यांनी इ.स. १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली होती.

डॉ. हिंमतराव बावस्कर इ.स. १९७६ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंश झालेल्या रुग्णांजवळ थांबून त्यांनी लक्षणांचा क्रम नोंदवला. सुरुवातीला उलट्या आणि भरपूर घाम येतो, पुरुषांत शिस्न ताठरते. त्यानंतर हातपाय थंड पडतात, रक्तदाब वाढतो आणि काही तासांत फुफ्फुसशोफ होऊ शकतो. पुढील संकटाची सूचना देणाऱ्या या लक्षणांवरील त्यांचा लेख इ.स. १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या क्रमामागील कारण चेतातंतूंशी निगडित आहे. विषातील प्रथिने चेतातंतूंवरील सोडियम वाहिन्या बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे स्वायत्त चेतासंस्था अतिउत्तेजित होऊन रक्तात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींमुळे त्या आकसतात आणि हातपाय थंड पडतात. आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना डाव्या जवनिकेवर ताण येतो. हृदयाच्या स्नायूवरही या संप्रेरकांचा थेट दुष्परिणाम होतो. जवनिका थकली की रक्त फुफ्फुसाकडे तुंबते, केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि द्रव वायुकोशांत उतरतो.

पूर्वी अशा रुग्णांना क्लोरप्रोमॅझिन, प्रोमेथॅझिन व पेथिडीन यांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टेरॉइडे असे उपचार दिले जात. यांपैकी कोणताही उपचार फुफ्फुसातील दाबाच्या मूळ कारणावर काम करणारा नव्हता, आणि ॲट्रोपिनमुळे हृदयावरील ताण वाढण्याचाच धोका होता. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध अल्फा ग्राही रोखते. आकसलेल्या वाहिन्या त्यामुळे सैलावतात आणि हृदयावरील भार उतरतो. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या औषधाच्या वापराविषयीचे निष्कर्ष इ.स. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडले. प्राझोसिन हे स्वस्त असून तोंडाने देता येते, त्यामुळे अतिदक्षता विभाग नसलेल्या ग्रामीण दवाखान्यातही उपचार सुरू करणे शक्य झाले. बावस्कर यांच्या नोंदींनुसार, प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. प्राझोसिनच्या वापरानंतर ते १ टक्क्याच्या खाली आले. या कार्याबद्दल डॉ. हिंमतराव बावस्कर यांना इ.स. २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

पुढे लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. महाड येथील ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष इ.स. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण १० तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे ८ तास आणि १७.७ तास होता.

विंचूदंशातील फुफ्फुसशोफ पूर्णपणे दाबजन्यच असतो का, याविषयी मतभेद आहेत. इ.स. १९९४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी तेथील विंचूदंशाच्या रुग्णांत पटलाची पारगम्यता वाढल्याचे पुरावे मांडले. बनारस हिंदू विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लाल विंचवाच्या विषामुळे होणाऱ्या शोफात कायनिन या दाहजनक रेणूंचा सहभाग दिसला. म्हणजे विष दाब वाढवण्याबरोबर काही प्रमाणात पटलही सैल करत असावे. तरीही वाहिन्यांवरील ताण उतरताच बहुतेक रुग्ण काही तासांत सावरतात. त्यांचा अभिस्तर शाबूत असून द्रव शोषण्यास समर्थ असल्याचे यावरून सूचित होते.

विषाणूजन्य इजा: एच१एन१ आणि कोविड-१९

इ.स. २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्लुएंझाची साथ भारतात आली, तेव्हा पुणे हे तिचे एक प्रमुख केंद्र होते. देशातील या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदवला गेला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविड-१९ च्या पहिल्या रुग्णांचे निदानही पुण्यातच झाले.

दोन्ही आजारांतील गंभीर रुग्णांत विषाणू अभिस्तरावर थेट आघात करतो. कोविड-१९ चा विषाणू एसीई-२ या ग्राहीला चिकटून पेशीत शिरतो आणि वायुकोशांत हा ग्राही प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर असतो. म्हणजे सरफॅक्टंट बनवणाऱ्या व पटल दुरुस्त करणाऱ्या पेशीच संसर्गाला बळी पडतात. त्यानंतरच्या दाहामुळे अंतःस्तरही सैल होतो आणि केशवाहिन्यांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या होतात. विंचूदंशाच्या रुग्णात दाब उतरवणे हा निर्णायक उपाय ठरतो. येथे मात्र पटल पुन्हा उभे राहीपर्यंत रुग्णाला तगवून धरावे लागते, आणि त्यासाठी अनेक दिवस किंवा आठवडे लागतात. साथीच्या काळात ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभागातील खाटा यांची मागणी दीर्घकाळ चढी राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होते.

निदान

दोन प्रकारांतील फरक ओळखण्यासाठी रुग्णाचा पूर्वेतिहास, छातीचे क्ष-किरण चित्र, हृदयाची ध्वनिलहरी तपासणी आणि रक्तचाचण्या यांचा एकत्रित विचार केला जातो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेतून सुरुवातीच्या काळात मिळालेल्या द्रवातील आणि रक्तद्रवातील प्रथिनांचे गुणोत्तर मोजता येते. ते ०.६५ पेक्षा कमी असल्यास दाबजन्य आणि त्याहून अधिक असल्यास पारगम्यताजन्य शोफ असण्याची शक्यता मानली जाते. ही चाचणी मुख्यतः संशोधनात वापरली जाते.

उपचार

दाबजन्य शोफात रुग्णाला बसते ठेवून ऑक्सिजन देणे, फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे, वाहिन्या रुंदावणारी औषधे आणि मुखवट्यातून दाबाने हवा देणे हे मुख्य उपाय आहेत. विंचूदंशात घाम व उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झालेले असू शकते, म्हणून मूत्रल औषधे जपून वापरावी लागतात.

पारगम्यताजन्य शोफात मूळ आजारावर उपचार करणे आणि पटलाला नवी इजा होऊ न देणे यावर भर असतो. व्हेंटिलेटरने मोठ्या आकारमानाचे श्वास दिल्यास उरलेले निरोगी वायुकोश ताणले जाऊन फाटतात. अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या इ.स. २००० मधील चाचणीत अपेक्षित वजनाच्या प्रतिकिलो १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर इतका श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. इ.स. २०१३ मधील फ्रेंच चाचणीत गंभीर रुग्णांना दीर्घकाळ पालथे झोपवल्याने २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पटल गळके असताना थोडा वाढलेला दाबही अधिक द्रव बाहेर ढकलतो, म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रवावर मर्यादा ठेवली जाते. कोविड-१९ मध्ये डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आल्याचे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत इ.स. २०२० मध्ये आढळले.

द्रवाचा निचरा औषधाने वाढवण्याचा प्रयत्न मात्र यशस्वी ठरला नाही. साल्ब्युटामॉल प्रयोगशाळेत सोडियमचे शोषण वाढवते. परंतु एआरडीएसच्या रुग्णांना ते शिरेतून दिल्यावर मृत्यूचे प्रमाण वाढल्याने इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. अभिस्तर भंगलेला असताना पंपांना चालना देऊन फारसा उपयोग होत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पेशींमधील जोड थेट घट्ट करणारे औषध अद्याप नित्य वापरात आलेले नाही.

दुरुस्ती

इजेनंतर दुसऱ्या प्रकारच्या पेशी उघड्या पडलेल्या आधारपटलावर पसरतात, विभाजित होतात आणि हळूहळू पहिल्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होतात. आधारपटल शाबूत असेल तर वायुकोशाची मूळ रचना पुन्हा उभी राहू शकते. ते नष्ट झाले असेल किंवा दाह लांबला असेल, तर तेथे तंतुमय ऊती वाढून पटल जाड होते. अशा जाड पटलातून ऑक्सिजन सहज जात नाही आणि फुफ्फुस ताठर बनते. त्यामुळे आजारातून वाचलेल्या काही रुग्णांना पुढे दीर्घकाळ दम लागतो.